त्या पहाटेचं किमान तापमान

तापमानाच्या नोंदीपायी मी आयुष्यात तीन माणसांवर हात उचलला. पहिला होता सरकारी मळ्यावरचा एक रोजंदारी गडी. वैशाखातल्या एका दुपारी त्यानं ताकाचं गाडगं माझ्या पेटीत आणून ठेवलं, सावलीला गार राहील म्हणून. गाडग्याला वरून ओलं फडकं गुंडाळलेलं. मी पेटीचं दार उघडलं आणि चार तापमापकांच्या खाली ते गाडगं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या ओल्या फडक्यानं आतली हवा गार केली होती, म्हणजे त्या दिवसाचं कमाल तापमान गेलं मातीत. मी गाडगं त्याच्या पायाशी फोडलं आणि त्याच्या कानाखाली वाजवली. तो माझ्या बापाच्या वयाचा होता. त्यानं उलट हात केला नाही. खापरं गोळा केली आणि निघून गेला.

दुसरा मळ्याचा राखणदार. त्यानं पेटीच्या छपरावर ओली घोंगडी वाळत घातली होती. मी त्याला ढकललं तेव्हा त्याचं डोकं पेटीच्या लाकडी पायावर आपटलं आणि भुवई फुटली. रक्ताचे थेंब पांढऱ्या रंगावर उडाले, तर मी आधी पेटी पुसली आणि मग त्याला पाणी दिलं. हे सांगताना लाज वाटते, पण मी तसाच होतो.

तिसरा माझा सख्खा थोरला भाऊ. मला खरं सांगायचं आहे ते त्याचं.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. गावाच्या शिवेवर बियाण्यांचा सरकारी मळा होता आणि त्याच्या एका कोपऱ्यात, छातीएवढ्या उंच पायांवर, लाकडी झडपांची पांढरी पेटी उभी होती. झडपा अशासाठी की वारा आत खेळावा पण ऊन आत येऊ नये. गावातले लोक तिला खुराडं म्हणत. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोन वर्षांनी मी तिथं निरीक्षक म्हणून चिकटलो. काम सोपं होतं. रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी पेटी उघडायची, आकडे वाचायचे, वहीत लिहायचे. सणवार, लग्न, मयत काही असो, चुकवायचं नाही. वर्ष संपलं की सगळ्या दिवसांची सरासरी काढायची आणि एका मोठ्या कागदावर एका ओळीत ती उतरवायची. एका वर्षाची एक ओळ. माझ्या आधीच्या निरीक्षकांच्या ओळी त्याच कागदावर वर होत्या, आणि खाली माझ्या एकेक करून भरत चालल्या होत्या. मी बी.ए. होऊ शकलो नाही, मला मूलबाळ झालं नाही, पण तो कागद माझा होता.

हिवाळा आमच्याकडे माणसाच्या अंगावर येतो. नाशिकला थंडी पडते, आमच्याकडे ती मारते. एका पहाटे बाभळीवरचे पोपट खाली पडलेले मी स्वतः मोजले आहेत, ताठ झालेले, चोचीत बर्फाचा कण. एका वर्षी गोठ्यातलं नवं वासरू उभ्याउभ्या गेलं. अशा सकाळी किमान तापमापक वाचायला माझे हात शिवशिवत. त्याच्यात पारा नसतो, स्पिरिट असतं, आणि स्पिरिटात टाचणीएवढी काळी कांडी. गारठा वाढेल तशी कांडी मागे सरकते. सगळ्यात गार क्षणी जिथं पोचेल तिथंच ती पडून राहते, मग ऊन कितीही चढो. आपण येऊन, टोक वाचून, नळी तिरकी करून तिला पुन्हा जागेवर आणेपर्यंत ती हलत नाही.

मळ्याच्या कुंपणापलीकडची जमीन आमची होती, म्हणजे दादाची. बाप गेला तेव्हा मी पाचवीत होतो आणि दादा सतरा-अठराचा. त्यानं शाळा सोडून औत धरलं आणि मला शाळेत धाडलं. धाडलं म्हणजे मारत नेलं. मी ओढ्यावर खेकडे धरत बसलो की तो आसूड घेऊन यायचा. पाठीवर वळ उठवून, शर्ट घालायला लावून, मास्तरांपुढं उभा करायचा आणि म्हणायचा, "याला शिकवा, नायतर मी याला जित्ता ठेवत नाय." मी मॅट्रिक झालो ते त्या आसुडामुळं. रागावणं आणि मारणं आमच्या घरात जेवणाइतकं रोजचं होतं. माया दाखवायची दुसरी काही रीत आम्हाला कुणी शिकवली नव्हती.

मी नोकरीला लागलो तेव्हा त्या जमिनीत बाजरी आणि हरभरा होता, आणि पाऊस झालाच तर गहू. मग पाटाचं पाणी आलं, विहिरीवर इंजिन बसलं, आणि सत्तरीचं दशक सरता सरता दादानं द्राक्ष लावलं. दगडी खांब, तारा, वर हिरवा मांडव. थेट कुंपणापर्यंत. बाग फळाला आली तसं दादाचं आणि माझं वैर सुरू झालं, कारण थंडी मला हवी होती आणि त्याला नको होती. पौषात मणी भरत असतात. तेव्हा कडाका पडला की पानं भाजल्यासारखी करपतात आणि मणी तडकतात. म्हणून पहाटे बागेत जागोजाग उसाचं पाचट, वाळल्या काड्या, जुने टायर पेटवायचे आणि धूर मांडवाखाली कोंडायचा. तो धूर वाऱ्यानं कुंपण ओलांडून माझ्या पेटीवर यायचा.

ऐंशीनंतरच्या एका दिवाळीत हवामान खात्याचे साहेब तपासणीला आले. माझा मोठा कागद त्यांनी टेबलावर पसरला आणि त्यावर पेन्सिल फिरवत बसले. वरच्या ओळींपेक्षा खालच्या ओळींतले आकडे चढे होते. हळूहळू, पण दरवर्षी.

"दिवसाचं तापमान जवळपास जागच्या जागी आहे," साहेब म्हणाले. "वाढलंय ते पहाटेचं, आणि त्यातही हिवाळ्यातलं. तुमचा मुलूख तापलाय की तुमची पेटी?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं.

"ती बाग कधीची?"

"पाच-सहा वर्षांची."

"कुणाची?"

"भावाची."

"थंडीत शेकोट्या पेटवतो?"

"पेटवतो."

साहेब हसले. ते हसू मी अजून विसरलेलो नाही. "मग तुम्ही इतकी वर्षं भावाच्या शेकोट्या मोजताय," ते म्हणाले. "हा हिवाळा बघू. पेटीजवळ अशी ऊब राहिली तर इथल्या नोंदी धरता येणार नाहीत. मागच्याही बाद कराव्या लागतील."

साहेब गेले आणि मी खुर्चीतच बसून राहिलो. मागच्याही म्हणजे माझ्या सगळ्या ओळी. तापात अंग फणफणत असताना घेतलेल्या, बायकोच्या माहेरी मयत झाली त्या दिवशीच्या, गडी आणि राखणदाराला मारून सांभाळलेल्या.

त्याच संध्याकाळी मी दादाकडे गेलो. तो जेवायला बसला होता. मी सांगितलं, या हिवाळ्यात कुंपणाकडच्या ओळींत शेकोटी नको.

"तुझ्या खुराड्यापायी मी माझी बाग मारू?"

"चारच ओळी, दादा. बाकी बागेत काय जाळायचं ते जाळ."

"त्या ओळींचे घड काय तुझं सरकार पिकवून देणार हाय?"

"माझी नोकरीची सगळी वर्षं वाया जातील."

"आन माझी?" म्हणत त्यानं ताट उचलून भिंतीवर भिरकावलं. भाकरी माझ्या तोंडावर आली. मी त्याची बंडी धरली, त्यानं माझं मनगट. वहिनी मध्ये पडली नसती तर ते तेव्हाच झालं असतं. तिनं दोघांच्या छातीवर हात देऊन आम्हाला मागं रेटलं आणि दादाला म्हणाली, "चार ओळीनं आपण मरत नाय. द्या सोडून." दादा भिंतीकडं बघत म्हणाला, "चार ओळी सोडल्या. पाचवीकडं बघायचं नाय." दादाचा शब्द म्हणजे शब्द होता. मी समाधानानं घरी गेलो.

पौषात थंडीची लाट आली. पहिल्या दिवशी दादानं शब्द पाळला. बागेच्या आतल्या बाजूला शेकोट्या पेटल्या, कुंपणाकडच्या चार ओळी अंधारात राहिल्या. कांडी बरीच खाली उतरली आणि मी खुशीत आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या सकाळी मला गारठ्यानंच जाग आली. अंगणातल्या बादलीवर पापुद्रा धरला होता आणि झाडाचं पानही हलत नव्हतं. इतकी थंडी मी या गावात कधी बघितली नव्हती. आजवरच्या कुठल्याही वहीत कुणी बघितला नसेल असा आकडा आज येणार हे मला अंगावर कळलं. तांबडं फुटायला आलं होतं. गारठा सगळ्यात खोल उतरतो तो सूर्य वर येण्याच्या सुमाराला. मी धावतच मळ्यावर गेलो.

कुंपणापाशी पोचलो आणि बघितलं. चारही ओळींत शेकोट्या. पेटीपासून वीस पावलांवर टायर जळत होता, काळा धूर सरळ पेटीकडे येत होता आणि झडपांमधून आत शिरत होता. दादा ओणवा होऊन आणखी पाचट टाकत होता.

"शब्द दिला होतास!" मी ओरडलो.

"पानं बघ आधी," तो म्हणाला. वरसुद्धा बघितलं नाही त्यानं. "पांढरी झाली पानं. माझ्यानं बघवत नाय."

मी कुंपणावरून उडी मारली. काट्यानं मांडी फाटली ते मला नंतर कळलं. पहिली शेकोटी मी लाथेनं उधळली. दुसरीवर बांधावरचं फावडं घेऊन माती ओढली. तिसरीतला जळता टायर फावड्यानं उचलून पाटात फेकला, तर पाणी चर्रर्र झालं आणि वाफेत मला काही दिसेना. वाफेतून दादा आला. त्याच्या हातात पेटलेलं बाभळीचं लाकूड होतं. त्यानं ते माझ्या खांद्यावर मारलं. सदरा पेटला. मी मातीत लोळलो, उठलो, तर त्यानं पुन्हा मारलं, या वेळी बरगडीवर. तो रडत होता. रडत रडत मारत होता आणि म्हणत होता, "जळू दे रं, जळू दे. एवढंच उजाडंस्तोवर."

मी फावडं फिरवलं. मला लाकूड पाडायचं होतं असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. आता सांगत नाही. मला त्याला मारायचं होतं. त्या क्षणी तो माझा भाऊ नव्हता, पेटीजवळची ऊब होता. फावड्याची धार त्याच्या उजव्या पंजावर बसली. लाकूड पडलं. तोही गुडघ्यावर बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला. तीन बोटं नुसती कातडीवर लोंबत होती. ओरडला नाही तो. ओरडली ती बांधावरून धावत आलेली वहिनी.

आणि मी काय केलं? उरलेली चौथी शेकोटी विझवली.

गडी जमले. दादाचा पंजा धोतरात गुंडाळून त्याला ट्रॅक्टरवर घातला आणि निफाडला दवाखान्यात न्यायचं ठरलं. "भाऊजी, चला," वहिनी म्हणाली. तिच्या लुगड्याला ओटीपासून खालपर्यंत रक्त होतं. मी म्हणालो, "साडेआठ वाजायचेत." ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी मान खाली घातली. ट्रॅक्टर गेला. मी पेटीपाशी बसून राहिलो, भाजलेल्या खांद्याला ओली माती लावून. ऊन वर आलं. कांडी कुठं जाणार नव्हती. मी दादाबरोबर गेलो असतो, दुपारी परत आलो असतो, तरी ती जिथल्या तिथं पडलेली सापडली असती. हे मला त्या वेळीही माहीत होतं. साडेआठला मी दार उघडलं, टोक वाचलं, वहीत आकडा लिहिला. इतका खालचा आकडा त्या पेटीत कधी आला नव्हता. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं.

दादाची बोटं काढावी लागली. फौजदारानं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की इंजिनाच्या पट्ट्यात हात गेला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. फौजदारानं माझ्या खांद्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि कागद मिटला. चार ओळींतले घड दोन दिवसांत तपकिरी पडले. पुढच्या छाटणीला दादाच्यानं कात्री धरवेना. डाव्या हातानं प्रयत्न केला तर काडीवरचा फुटव्याचा डोळाच कापला जाऊ लागला, आणि द्राक्षाचा डोळा कापला की त्या काडीला घड येत नाही. मग वहिनीनं कात्री घेतली. मी मदतीला गेलो होतो. तिनं कात्री पाठीमागं नेली आणि म्हणाली, "तुमी तुमची पेटी बघा."

उन्हाळ्यात साहेब पुन्हा आले. मी त्यांना सांगितलं की कुंपणाजवळ आता शेकोटी होत नाही. कशी बंद झाली ते त्यांनी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. ते बागेकडं बघत उभे राहिले. "शेकोट्या काय, वर्षातल्या चार दिवसांच्या," ते म्हणाले. "खरा फरक पाटाच्या पाण्याचा आणि या हिरवळीचा. ओली जमीन रात्रभर ऊब सोडते. ती बारा महिने आहे, तिला काय करणार? राहू दे पेटी इथंच. भोवताल बदलला एवढा शेरा मारून नोंदी ठेवू." त्यांनी वहीत शेरा लिहिला, सही केली, चहा घेतला. मी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेलो आणि परत पेटीपाशी येऊन उभा राहिलो. पाण्याला मारता येत नाही, हिरवळीला मारता येत नाही. शेकोटीला लाथ घालता येते आणि शेकोटीमागं माणूस असतो, म्हणून मी ती निवडली होती. साहेबांनी दिवाळीत बागही दाखवली होती आणि शेकोट्याही, पण अट घालताना ते ऊब एवढंच म्हणाले होते. ऊब कुणाची ते मीच ठरवलं.

ते वर्ष संपलं. मी सरासरी काढायला बसलो. सगळे महिने मांडले, बेरीज केली, भागिले तीनशे पासष्ट. आकडा आला, तो मोठ्या कागदावर लिहिला. मग दुसरा कागद घेतला. त्या एका पहाटे शेकोट्या जळत राहिल्या असत्या तर पेटीत काय आलं असतं? त्याआधीच्या हिवाळ्यांवरून मला अंदाज होता. फार तर तीन अंश वर. ते तीन अंश धरून मी पुन्हा सगळी बेरीज केली आणि पुन्हा भागलं. मोठ्या कागदावर आम्ही दशांशानंतर एकच अंक लिहितो. दोन्ही उत्तरं एकच आली. माझं कुठं चुकलं असेल म्हणून मी तिसऱ्यांदा केली, चौथ्यांदा केली. मी कितीही वेळा भागलं तरी त्या पहाटेनं वर्षाला काडीचा फरक पडत नव्हता.

त्या संध्याकाळी मी दादाकडे गेलो. का गेलो सांगता येत नाही. वर्षभरात आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, पण मी त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसत होतो. वहिनीनं दोन कप चहा आणून ठेवला आणि आत गेली. माझ्या कामाबद्दल दादानं आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं. खुराडं म्हणून हिणवण्यापलीकडं त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

"झाला का तुझा सालाचा हिशोब?" त्यानं विचारलं.

"झाला."

"त्या सकाळचा आकडा धरला का त्यात?"

"धरला."

मग उजवा हात, म्हणजे जो काही उरला होता तो, मांडीवर ठेवून त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं. "फरक पडला का रं त्यानं?"

मी नोकरीत एकही आकडा खोटा लिहिला नव्हता.

"लय पडला, दादा," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "मंग बरं झालं," म्हणाला, आणि डाव्या हातानं कप उचलला.